पहिलं ‘नको’

आमच्या ह्यांना हॉकीचं वेड आहे हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी विचार केला असता, असं मी चारचौघांत म्हणते आणि चंद्रशेखर दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसतात. खडकीच्या मैदानावर वाढलेला हा माणूस दुबईत आला, एसीच्या डक्टची कंत्राटं घेऊ लागला, देऱ्यात ऑफिस थाटलं, पोराला चांगल्या शाळेत घातलं, आणि साठी दिसायला लागल्यावर काय केलं? हॉकीची टीम विकत घेतली. लोक या वयात चारधामला जातात.

लीग तशी नवीन. टीम मोजक्याच, पण खेळाडू पगारी. आपले, पाकिस्तानी, इजिप्तचे, दोन-चार गोरे. ह्यांनी टीमचं नाव ठेवलं देरा मरिनर्स आणि मॅनेजर केलं तनिषला. तनिष आमचा एकुलता एक. इथेच जन्मला, इथेच शिकला. ‘आय अंडरस्टँड एव्हरीथिंग’ असं तो मराठीबद्दल म्हणतो, तेही इंग्रजीत. हिशोबाला पक्का, वागायला सरळ, कुणाला फसवणार नाही, कुणाला ताटकळत ठेवणार नाही. त्याच्या या सरळपणाचं मी बायकांच्या भिशीत कौतुक करत आले होते.

टीममधला मिथुन मात्र आमच्या घरातलाच झाला होता. कोल्हापूरकडचा, गारगोटीजवळच्या गावचा. वडील एसटीत कंडक्टर, आई अंगणवाडीत. एकोणीस वर्षांचा असताना ह्यांनी त्याला कुठल्याशा स्पर्धेत पाहिला आणि उचलून आणला. पेनल्टी कॉर्नरला चेंडू स्टिकनं ओढून गोलात फेकायचा, हे त्याचं काम. मला त्यातलं एवढंच कळायचं, की मिथुन वाकला की समोरचे पाच जण घाईघाईनं तोंडावर मास्क चढवतात. इंटरनॅशनल सिटीत टीमच्या पोरांबरोबर राहायचा आणि रविवारी करामाला आमच्याकडे जेवायला यायचा. आल्यावर चपला काढून थेट स्वयंपाकघराच्या दारात. ‘काकू, खालून काही आणायचंय का?’ आमच्या चिरंजीवांनी हा प्रश्न जन्मात विचारलेला नाही.

त्याची आई, आशाताई, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर कांदा-लसूण मसाला पाठवायच्या. फोनवर दोन-तीनदा बोलणं झालं होतं. ‘वैनी, पोरगं तुमच्या पदरात घातलंय’, असं म्हणायच्या. मी म्हणायचे, पदर मोठा आहे हो, काळजी करू नका. बोलायला मी कुणाला हार जात नाही.

या वर्षी मिथुनचा पहिला करार संपत आला, आणि अबुधाबीच्या क्लबनं त्याला ऑफर शीट दिली. हे काय असतं ते मलाही तेव्हाच कळलं. कोवळ्या खेळाडूला दुसऱ्या क्लबनं लेखी मागणी घातली आणि त्यानं सही केली, तरी तो लगेच जात नाही. जुन्या क्लबला सात दिवस मिळतात. तेवढ्यात त्यांनी तोच पगार, तीच मुदत कबूल केली तर पोरगा जिथल्या तिथे राहतो. याला मॅच करणं म्हणतात. नाही केलं तर पोरगा गेला. म्हणजे स्थळ दुसरीकडून आलं, तरी तेवढा मानपान करायची पहिली संधी जुन्या घरालाच.

ही शीट आली तेव्हा आम्ही दोघं पुण्यात होतो, माझ्या भाचीच्या, पर्णिकाच्या लग्नाला. ऐन हळदीत ह्यांचा फोन वाजला. एका कानात बोट घालून हे मांडवाच्या कोपऱ्यात जाऊन बोलले. परत आले ते हसतच. आकडा आधी दिरहममध्ये सांगितला, मग रुपयांत, आणि म्हणाले, “होणारच होतं. मी पैसे बाजूला काढूनच ठेवलेत. पोरगा आपलाच आहे.”

“मग तनिषला काय सांगितलंत?”

“म्हटलं, एकदा विचार त्याला आणि करून टाक.”

मीही मान हलवली आणि हळदीच्या ताटाकडे वळले. एकदा विचार आणि करून टाक. यात न कळण्यासारखं काय आहे, सांगा बरं.

लग्न, पूजा, मांडवपरतणं असं सगळं उरकून आम्ही दहा दिवसांनी परतलो. सकाळचं विमान. तनिष गाडी घेऊन आला होता. बॅगा टाकल्या, एअरपोर्टच्या बाहेर पडलो, आणि ह्यांनी सीटबेल्ट लावता लावता विचारलं, “मिथुनचं झालं ना रे?”

“डन, बाबा. ही इज विथ अबुधाबी नाऊ.”

हे हसले. त्यांना वाटलं पोरगा थट्टा करतोय. “चल, नीट सांग.”

“नीटच सांगतोय. आपण मॅच नाही केलं. ही डिडन्ट वॉन्ट इट.”

“कोण म्हणालं?”

“तोच. तुम्ही बोललात ना, एकदा विचार. मी विचारलं. ही सेड नको.”

ह्यांच्या मानेची शीर ताठ झालेली मला मागच्या सीटवरून दिसली. आता आरडाओरडा होणार, म्हणून मीच मध्ये पडले. “तनिष, तो नेमकं काय म्हणाला? त्याचे शब्द सांग. इंग्रजी करू नकोस.”

पोराची स्मरणशक्ती पहिल्यापासून चांगली. रस्त्यावरची नजर न हलवता त्यानं सांगितलं. “मी त्याला ऑफिसला बोलावलं. चहा मागवला. बोललो, मिथुन, तुला इकडे राहायचं आहे का? आम्ही मॅच करू का? तर तो बोलला, ‘नको दादा, कशाला उगाच. माझ्यावर एवढा खर्च कशाला. तुम्ही बघा काय ते.’”

मी पुढची सीट धरून पुढे वाकले.

“मग तू काय म्हणालास?” मी विचारलं.

“आय सेड ओके, आय रिस्पेक्ट दॅट. ज्याला इकडे राहायचं नाही त्याला मी कसा ठेवू? रूल्सप्रमाणे त्याला विचारायची गरजपण नव्हती, आई. तरी मी विचारलं.”

“आणि तो गेला?”

“नाही ना. ही जस्ट सॅट देअर. चहा संपला तरी बसून होता. इतका ऑकवर्ड झाला. शेवटी मीच बोललो, एनिथिंग एल्स? मग उठला. दारात ‘येतो’ बोलला.” तनिषनं इंडिकेटर दिला, गाडी वळवली. “बट ही नेव्हर केम.”

एरवी मी हसले असते. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, हे माझ्या सत्तावीस वर्षांच्या मुलाला ठाऊक नव्हतं आणि तो पोरगा परत येईल म्हणून हा सात दिवस वाट पाहत होता. दोघंही वाट पाहत होते. एक करामात, एक इंटरनॅशनल सिटीत.

“मी एकदा विचार म्हणालो होतो,” हे म्हणाले. मग नुसतंच म्हणाले, “एकदा.” आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले. त्यांचं ओरडणं मला परवडलं असतं.

“व्हॉट? काय झालं?” तनिष आरशातून माझ्याकडे बघत होता. “आई, नो मीन्स नो. तूच शिकवलंस.”

मीच शिकवलं होतं. खोटं नाही. दुबईत नवीन आले तेव्हाची गोष्ट. ह्यांच्या इंग्रज साहेबाच्या घरी गेलो होतो. मॅडमनं विचारलं, टी? घसा कोरडा पडला होता, पण आईनं लावलेलं वळण, पहिल्या शब्दाला हो म्हणणारी मुलगी अधाशी दिसते. मी म्हटलं, नो नो. मॅडम हसली, बरं म्हणाली आणि किटली परत ठेवून आली. दोन तास मी तिच्या कुत्र्याला पाणी पिताना बघत बसले. घरी येऊन रडले आणि ठरवलं, माझं मूल असं गिळून बसणार नाही. हवं तर हो म्हणेल, नको तर नको म्हणेल. तसाच वाढवला त्याला. आणि तसाच वाढल्यामुळे त्यानं मिथुनसमोरून किटली उचलून परत ठेवली.

मला लाज वाटली. ज्या मुलाला जेवायला वाढताना त्यानं ‘नको काकू’ म्हटल्यावरही मी दोन वर्षं आणखी एक भाकरी पानात टाकत आले, कारण ते पहिलं ‘नको’ मोजायचं नसतं हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही, त्याला माझ्याच घरानं एका ‘नको’वर उठवून लावलं होतं.

घरी पोचल्यावर बॅगा तशाच ठेवून मी तनिषला समोर बसवलं आणि समजावलं. आग्रह म्हणजे काय. लग्नाच्या पंगतीत जिलबी घेऊन मागे लागतात ते कशासाठी. मागणं आपल्याकडे कमीपणाचं असतं, म्हणून देणाऱ्यानं मागे लागायचं, म्हणजे घेणाऱ्याचा मान राहतो. त्यानं शांतपणे ऐकलं.

“सो नको मीन्स यस?”

“पहिलं नको म्हणजे अजून एकदा विचारा.”

“अँड दुसरं?”

“दुसरंही बहुतेक तसंच.”

“बट समटाइम्स नको इज नको. राइट? मग मला कसं कळणार, कुठलं कुठलं आहे?”

“कळतं,” मी म्हटलं. “माणसाकडे बघितलं की कळतं.” मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

त्यानं शेजारच्या बॅगेचा टॅग सोलून काढला. मग खाली बघून म्हणाला, “अफनान तिथेच होती.” अफनान म्हणजे त्याची ऑफिसमधली सेक्रेटरी, शारजात वाढलेली हैदराबादी मुलगी. “मिथुन गेल्यावर ती बोलली, हबीबी, एक बार और पूछ लेते. आय टोल्ड हर, डोन्ट प्रेशर हिम.” आणि मग चेहरा लपवत, “आय थॉट आय वॉज बीइंग नाइस, आई.”

तो चांगलाच वागला होता, हीच तर पंचाईत. वाईट वागला असता तर दोन थोबाडीत देऊन मोकळी झाले असते.

उरलेलं दौलतनं सांगितलं. दौलत टीमचा गोलकीपर, पेशावरचा, मिथुनच्या खोलीतला. मिथुनची राहिलेली एक पिशवी आमच्याकडे ठेवायला आला होता. मी त्याला बसवलं, खायला दिलं आणि विचारलं. तो आधी टाळत होता, मग बोललाच.

“आंटी, उसने साइन ही इसलिए किया था के आप लोग मॅच करोगे. बोलता था, काका से मुँह खोल के पैसा माँगूँ, ये मुझसे नहीं होगा. एजंट ने समझाया, तू बस साइन कर दे, तेरे काका खुद तेरे को रोक लेंगे. माँगना भी नहीं पड़ेगा.”

“आणि वहां? वहां खेलायेंगे उसको?” माझं हिंदी हे असं.

“वहां तो वो हॉलंडवाला है ना, आंटी. पेनल्टी कॉर्नर वोही मारेगा. मिथुन बेंच पे.” दौलतनं हात पुसले. “आखरी दिन शाम तक उसने बॅग नहीं भरी. फोन गोद में रख के बैठा था. फिर बोला, चलो, खलास.”

एकवीस वर्षांचं पोर. मागायची लाज वाटते म्हणून त्यानं एवढा लांबचा रस्ता शोधला, आमच्यावर भरवसा ठेवून. आणि त्या रस्त्याच्या टोकाला आम्ही त्याला विचारलं, हवंय का तुला? तोंडानं सांग.

ह्यांनी लीगच्या ऑफिसात फोन लावले. मुदत संपली होती, करार दोन वर्षांचा, काही होण्यासारखं नव्हतं. ह्यांनी अबुधाबीच्या मालकालाही फोन केला. तो अगदी गोड बोलला. इन्शाल्ला, पुढे बघू. मग हे टेबलावर फोन ठेवून म्हणाले, “चला, रविवारी जाऊन येऊ. निदान तोंडावर सांगू तरी.”

जाताना गाडीत तनिष मागे बसला होता, ओठ हलवत. विचारलं तर म्हणाला, “प्रॅक्टिस करतोय. ‘चुकलं माझं’ बरोबर आहे ना? की माझी चुकलं?”

“चुकलं माझं,” हे म्हणाले, गाडी चालवता चालवता. ते तनिषला उद्देशून होतं की कसं, मी विचारलं नाही.

अबुधाबीत हमदान स्ट्रीटच्या मागे एका जुन्या इमारतीत मिथुनला क्लबनं जागा दिली होती. बरोबर दोन इजिप्तचे खेळाडू, ते बाहेर गेले होते. दार उघडल्यावर मिथुन आम्हाला बघून दोन पावलं मागे सरकला. बनियनवर होता. “एक मिनिट, काकू,” म्हणून आत पळाला आणि इस्त्रीचा शर्ट चढवून, बटणं लावत बाहेर आला. वाकून नमस्कार केला. सोफ्यावरचे कुणाचे तरी मोजे उचलले, उशी सरळ केली. आपल्या घरी पाहुणे आल्यावर माणूस जसा धांदलतो, तसा. दोन वर्षांत तो माझ्याकडे कधी पाहुणा नव्हता, आणि आज आम्ही त्याचे पाहुणे झालो होतो.

त्यानं चहा केला. डब्यातला चिवडा काढला. हे म्हणाले, “नको रे, जेवून निघालोय.” मिथुननं ऐकलं नाही. “असं कसं काका, पहिल्यांदा आलाय. थोडा तरी.” बशी भरून हातात दिली. परत वाढला. परत वाढला. हे मान खाली घालून चिवडा खात राहिले आणि मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

मग तनिषनं कप खाली ठेवला. “मिथुन, चुकलं माझं. मला कळलं नाही. आय शुड हॅव आस्क्ड यू अगेन.”

“नाही, नाही दादा.” मिथुन असा घाबरला, जणू तनिषनं त्याचे पाय धरले. “तुम्ही विचारलंत की. मलाच यायचं होतं इकडं. इथं पण छान आहे. जिम मोठी आहे. समुद्र जवळ आहे.”

“खेळायला मिळतं का?” ह्यांनी विचारलं.

“मिळेल की, काका. सीझन मोठा आहे अजून.”

“मिथुन,” मी म्हटलं, “आम्हाला तू हवा होतास रे. पैसेसुद्धा काढून ठेवले होते काकांनी.”

हे बोलायला नको होतं. त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. म्हणजे हे त्याला माहीतच नव्हतं. इतके दिवस त्यानं मनाशी काहीतरी जुळवून घेतलं असणार, की काकांना परवडलं नसेल, टीमचं बजेट नसेल. ते मी एका वाक्यात काढून घेतलं. तो उठला, रिकामे कप उचलले, आत गेला आणि बराच वेळ नळाचं पाणी वाहताना ऐकू आलं.

तो बाहेर आला तेव्हा टीपॉयवरचा त्याचा फोन वाजत होता. बोटिम ॲपवर व्हिडिओ कॉल. त्यानं फोन हातात घेऊन नाव बघितलं आणि कॉल कापला. पुन्हा वाजला.

“आईचा आहे ना? उचल की,” मी म्हटलं.

“नको काकू, नंतर करतो.”

“अरे, आमच्यासमोर काय संकोच! उचल. मलाही बोलायचंय त्यांच्याशी. किती दिवस झाले.”

“नको, खरंच नको. रात्री करतो ना.”

आता मी शहाणी झाले होते ना. आता मला ‘नको’चा अर्थ कळत होता. मी हात लांब केला, त्याच्या हातातला फोन माझ्याकडे वळवला आणि स्वतःच बटण दाबलं.

पडद्यावर आशाताई आल्या. मागे पत्र्याची शेड, कुठे तरी कोंबडं ओरडत होतं. मला बघून त्यांनी आधी पदर डोक्यावर घेतला आणि मग तोंडावर हात. “आगं बया! वैनी? तुमी? अबुधाबीला गेलायसा?”

“आलो म्हटलं मिथुनला बघायला,” मी म्हटलं.

त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. “तोंड दावायला जागा न्हाई ठिवली वो ह्या पोरानं. तुमी एवढा आग्रह केलासा, आन् ह्यो निघून गेला. समदं सांगितलं त्यानं मला. काका हात धरून बसलं हुतं म्हनं, ऱ्हा म्हणून. तनिषदादा तीन-तीनदा इचारत हुतं. तुमी तर दोन दिस जेवला न्हाईसा. आन् ह्यो पैशाला भुलला. लई शिव्या घातल्या मी त्याला. ह्याचा बा तर अजून त्याच्याशी बोलत न्हाई.”

फोन मिथुनच्या हातात होता, माझ्याकडे तोंड करून. आईला मी दिसत होते, तो दिसत नव्हता. मला मात्र फोनच्या वर त्याचा चेहरा दिसत होता. तो माझ्याकडे बघत होता आणि मान अगदी थोडी, नाही नाही अशी हलवत होता. ते ‘नको’ आत्ता कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

त्यानं घरी सांगितलं होतं की त्याला खूप आग्रह झाला. आपल्याला कुणी थांबवलं नाही, हे आईला सांगण्यापेक्षा त्यानं बापाचा अबोला पत्करला होता. आणि त्यात आमचंही नाव राखलं होतं. ह्यांना त्यानं हात धरायला लावला, तनिषकडून तीनदा विचारून घेतलं, मला उपाशी ठेवलं. आम्ही जे करायला हवं होतं ते सगळं त्यानं गारगोटीला आमच्या नावावर जमा केलं होतं.

“आंटी, ॲक्च्युअली...” तनिष पुढे सरकला. मी त्याचा गुडघा दाबला. आज त्याला एकदाच सांगावं लागलं.

“असू द्या हो, आशाताई,” मी म्हटलं. “मुलं आहेत. जातात पुढे. आम्हाला काही वाटलं नाही.”

“न्हाई वैनी, तुमी मोठ्या मनाच्या. एवढं करून वर बघायला गेलायसा त्याला. कोन करतंय एवढं?” त्यांनी पदरानं डोळे पुसले. “एक करा माझ्यासाठी. त्याला माफ केलं म्हना. तुमच्या तोंडानं म्हना, माझ्या देखत. म्हंजे ह्याच्या बाला सांगता यील. मिथुन! कुठं हाय त्यो? पाया पड काकूंच्या. पड म्हनते ना!”

हे उठून खिडकीशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

मिथुननं फोन तनिषच्या हातात दिला. माझ्यासमोर आला, गुडघे टेकले आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागे घेऊ लागले, तर त्यानं घोटा घट्ट धरून ठेवला.

मी त्याच्या केसांवर हात ठेवला. “माफ केलं रे तुला,” मी म्हटलं.

“दिसंना मला,” पलीकडून आशाताई म्हणाल्या, आणि त्यांना नीट दिसावं म्हणून तनिषनं फोन थोडा खाली धरला.